टोमॅटोवरील नवी नागअळी

नाशिक जिल्ह्यातील टोमॅटो उत्पादकांना नागअळी अपरिचित नाही. पानावर नागमोडी पांढरी रेघ ओढणारी जुनी नागअळी ही एका लहानशा माशीची अळी होय. परंतु २०१४ साली पुणे परिसरात आढळून आलेली ‘टूटा ॲब्सोल्युटा’ ही पतंगाची अळी आहे. दोहोंना नाव एकच पडल्याने उपायांचीही गल्लत होते.

हा कीटक मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पेरू देशातील नमुन्यांवरून १९१७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. २००६ साली तो स्पेनमध्ये पोहोचला आणि भूमध्य समुद्राकाठचे देश, आफ्रिका व पश्चिम आशिया व्यापीत अवघ्या आठ वर्षांत भारतात आला. रोपे, फळे व क्रेट यांच्या वाहतुकीबरोबर तो दूरवर जातो.

राखाडी रंगाचा हा पतंग जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो. दिवसा तो पानांआड दडतो. मादी सुमारे अडीचशेपर्यंत अंडी सुटी सुटी घालते. चार ते सहा दिवसांत निघालेली अळी पानात शिरते आणि वरचा व खालचा पापुद्रा तसाच ठेवून मधला हिरवा गर खाते. त्यामुळे रेघेऐवजी पसरट, पारदर्शक चट्टा पडतो व त्यात काळी विष्ठा दिसते. पूर्ण वाढलेली अळी बहुधा जमिनीत, क्वचित पानातच कोष करते. उबदार हवेत हे चक्र महिन्याभरात पुरे होते; वर्षाला दहा-बारा पिढ्या सहज होतात.

पानांपुरतेच हे असते तर एवढी चिंता नव्हती. ही अळी देठाजवळून फळातही शिरते. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र तोडणीच्या घाईत दिसत नाही आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात गेलेला माल वाटेतच सडू लागतो.

अळी पानाच्या आत असल्याने फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. शिवाय अनेक देशांत तिने कीटकनाशकांना दाद देणे सोडले आहे. कामगंध सापळ्यात केवळ नर अडकतात. म्हणून पतंग आल्याची सूचना मिळविण्यासाठी सापळे रोपवाटिकेपासूनच लावणे इष्ट. कीडग्रस्त पाने व फळे खोल पुरावीत. बांधावरील कामोणी व धोत्रा यांवरही ही कीड जगते. भाव कोसळला की दिंडोरी-निफाडकडे टोमॅटो बांधावर ओतले जातात. असा एक ढीग साऱ्या शिवाराला कीड पुरवू शकतो, आणि तो हलविणे एकट्या शेतकऱ्यापेक्षा ग्रामपंचायतीस अधिक सुकर आहे.