धानाच्या पाण्यातला झिंगा

गोंदियाची ओळख विचारली की धान, राइस मिल आणि तलाव ही उत्तरं ठरलेली असतात. त्याच तलावांत आणि धानाच्या बांध्यांत वाढणारा झिंगा रस्सा-भातासोबत ताटात येतो, पण जिल्ह्याच्या कौतुकात त्याचं नाव कोणी घेत नाही. गरिबाच्या खाण्याला ताटात जागा असते, मिरवणुकीत नसते. या झिंग्याचा एक उत्सव गोंदियात व्हायला हवा, आणि तोही केवळ चवीसाठी नव्हे. हा जीव जिथे टिकतो ते पाणी कोणत्या अवस्थेत आहे, हे तो कुठल्याही सरकारी अहवालाआधी सांगतो.

भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, गोंड राजवटीपासून बांधले गेले, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पाण्याचा मुख्य उपयोग धानाला; मासे आणि झिंगे धीवरांच्या जाळ्यात. 1951 मध्ये मालगुजारीची जमीनदारी पद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले, पुढे मोठे पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे आले. तलावाचं पाणी धानाला किती पुरेल याचा हिशेब कागदावर राहिला. पाण्याखालच्या गवताचा हिशेब कोणी ठेवला नाही. झिंगा जगतो तो या गवतातच. त्यात तो लपतो, कुजलेला पाला खातो, अंडी पोटाखाली धरून फिरतो. हॉटेलांत मिळणाऱ्या मोठ्या जंबो झिंग्याच्या पिल्लांना मचूळ पाणी लागतं, म्हणून त्याचं बीज हॅचरीतून आणावं लागतं. आपल्या तलावातला लहान झिंगा अंड्यापासून मोठा होईपर्यंत गोड्या पाण्यातच राहतो. त्याला बीज विकत घ्यावं लागत नाही, खाद्य टाकावं लागत नाही. पाणी आणि गवत शाबूत ठेवलं की पुरे. लहान असल्यामुळे तो बहुधा सालासकट खाल्ला जातो, त्यामुळे मांसातल्या प्रथिनांसोबत सालातलं कॅल्शियमही पोटात जातं. ताजा असला तर तिखट रस्सा, वाळवलेला असला तर वांग्यात किंवा चटणीत. उन्हाळ्यात भाजीपाला महागला की वाळल्या झिंग्याची मूठ कामाला येते.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात क्रॉफिश नावाचा झिंग्याचा नातेवाईक उत्सवाच्या या वाटेने आधीच गेला. तोही एकेकाळी गरिबांचं खाणं होता. 1959 मध्ये तिथल्या विधिमंडळाने ब्रो ब्रिज या गावाला क्रॉफिशची राजधानी म्हणून गौरवलं आणि पुढच्याच वर्षी तिथे उत्सव सुरू झाला. तिथे तो भातशेतीतही वाढतो: उन्हाळ्यात पाणी काढलं की बिळात जातो, शेतात पुन्हा पाणी सोडलं की बाहेर येतो आणि कापणीनंतरच्या धसकटांवर पोसतो. एका बांधीत धान्य आणि जीव अशी दोन पिकं. पण या गोष्टीचा गोंदियाला खरा उपयोग आहे तो तिच्या कडू भागाचा. भाताच्या बियाण्याला लावलेल्या फिप्रोनिल या कीटकनाशकाने क्रॉफिश मेल्याचा दावा तिथल्या शेतकऱ्यांनी न्यायालयात नेला आणि 2004 मध्ये साडेचार कोटी डॉलरची तडजोड झाली. कीटक आणि झिंगा हे एकाच मोठ्या कुळातले, त्यामुळे किडीवरचं औषध झिंग्यालाही लागू पडतं. आपल्याकडेही धानाच्या खोडकिडीवर फिप्रोनिल फवारतात, आणि बांधीतलं पाणी उतरत उतरत बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि तलावात येतं. लुइझियानात क्रॉफिशला बाजार होता, म्हणून मेलेल्या जिवाची किंमत मांडता आली. गोंदियातला झिंगा मेला तर तोटा कोणाच्या खात्यावर चढत नाही. उत्सवाने आधी ही किंमत निर्माण करायची आहे.

यावर पहिला आक्षेप पोटाचा असतो: रोहू आणि कटला वजनाने भरतात, भाव मिळवतात, झिंग्याने मत्स्य सहकारी संस्थेचं तलावाचं भाडं कसं निघणार? हिशेब चूक नाही. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधुरींनी इंजेक्शनने कार्प माशांची पिल्लं मिळवल्यापासून मत्स्यबीज सहज मिळू लागलं, आणि मूळचे गंगेकडचे हे मासे विदर्भातल्या तलावांत आले. त्यांनी धीवरांना रोख पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या वर्षी बीज मरतं किंवा पाऊस दगा देतो, त्या वर्षी घरची कढई चालते ती बीज न सोडता वाढलेल्या माशांवर आणि झिंग्यांवर. गवत्या माशासारखी पाणवनस्पती फस्त करणारी जात तलावात सोडून ही दुसरी फळी मोडणं महागात पडतं. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवरांसोबत बेशरमाची झुडपं उपटून स्थानिक पाणवनस्पती लावण्याचं काम केलं आहे, तेव्हा हे केवळ कागदी बोलणंही नाही.

मग क्रॉफिशच आणून का वाढवू नये, असं एखादा उत्साही विचारेल. तो भारताचा नाही, बिळं करून बांध पोखरतो, आणि बाहेर नेला तिथे अनेक ठिकाणी स्थानिक जिवांना भारी पडला आहे. परदेशी मागूर आणून आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. शेवटी त्यावर बंदी घालावी लागली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: नाव झालं की मागणी वाढेल, बारीक जाळी पडतील, आणि ठेकेदार धीवरांच्याच तोंडचा घास नेईल. त्यावर उपाय तारीख ठरवतानाच करावा लागेल. पावसाळ्यात, अंडी धरलेल्या माद्यांच्या दिवसांत, उत्सव नको. धानाची कापणी आटोपल्यावर, हिवाळ्यात तो घ्यावा. माल गावच्या मत्स्य सहकारी संस्थांकडूनच घ्यावा, रांधायला धीवर बायांचे बचत गट असावेत, आणि प्रत्येक टोपलीवर तलावाचं नाव लिहावं. ज्या तलावाचं नाव दोन वर्षं टोपलीवर आलं नाही, त्याच्या पाण्याची तपासणी जिल्हा परिषदेकडे मागता येईल.