रिपोर्टमधले प्रोटीन आणि तोंडाचा कॅन्सर

तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘पी-५३’, ‘के-आय-६७’ अशी अक्षरे दिसली की घरचे आम्हाला विचारतात, “सिस्टर, माणूस वाचेल ना?”

ही प्रोटीनची नावे आहेत. बायोप्सीच्या तुकड्याला रंग देऊन ती पाहतात. पी-५३ पेशींच्या वाढीला लगाम घालते. ते बिघडले की लगाम सुटतो. के-आय-६७ चा आकडा मोठा, तर पेशी झपाट्याने वाढतात. पण एवढ्यावरून आयुष्य ठरत नाही. कॅन्सर किती खोल गेला, मानेच्या गाठींत पसरला का, यावर डॉक्टर मुख्य अंदाज बांधतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये दाखवून दिले: सुरुवातीच्या आजारात तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेच्या गाठी काढल्या, तर तीन वर्षांनी १०० पैकी ८० रुग्ण हयात होते. थांबून, आजार मानेत दिसल्यावर गाठी काढल्या त्या गटात सुमारे ६८.

म्हणून अक्षरांना घाबरून उपचार लांबवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यातले काहीही दिसले की सरकारी दवाखाना गाठा. खर्रा, गुटखा, मिश्री आजच सोडा. पाचवे शील वंदनेपुरते नको, घरात पाळू या.

जय भीम!