एका प्रबंधाचे दोन गुरू

दोन विद्यापीठांनी करारावर सह्या केल्या, म्हणजे सहकार्य घडले असे नव्हे. त्याची कसोटी विद्यार्थ्याच्या अभ्यासातच लागते. पवईची आय. आय. टी. आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे मोनॅश विद्यापीठ, दोहोंची स्थापना १९५८ सालची. पन्नास वर्षांनी, २००८ मध्ये, या समवयस्क संस्थांनी पवईला संयुक्त संशोधन अकादमी उघडली. येथे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक लाभतात. काही काळ पवईत, काही काळ मेलबर्नला राहून तो एकच प्रबंध सिद्ध करतो, आणि पदवी दोन्ही संस्था मिळून देतात. दोन गुरूंचे मत जेथे जुळत नाही, तेथे शिष्याला पुराव्याचाच आधार घ्यावा लागतो. विद्यापीठांच्या मैत्रीचे खरे फळ ते हेच.