बदलता मजकूर बोलू लागतो

महागावसारख्या तालुक्याच्या गावी दृष्टिहीन नागरिकास संगणकावर स्वतः अर्ज भरावयाचा असेल, तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली आवश्यक ठरते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली होय. मात्र कर्सर एका रकान्यात असताना ‘अर्ज अपूर्ण आहे’ ही सूचना अन्यत्र उमटल्यास ती मूक राहू शकते. यावर उपाय म्हणजे पायथॉन भाषेत लिहिलेली छोटी पूरक आज्ञावली. ती ठरावीक जागेतील मजकूर वरचेवर तपासते, पूर्वीच्या मजकुराशी ताडून पाहते व बदल आढळला तरच तो उच्चारते. मग अर्ज पोहोचला की अडला, हे इतरांस विचारावे लागत नाही.