पारव्याच्या विष्ठेतून मेंदूपर्यंत

निपाणीतली तंबाखूची जुनी वखार असो की बेळगावातल्या एखाद्या वाड्याचा माळा, पारव्यांनी ठाण मांडलं की वर्षानुवर्षांची विष्ठा सुकून साचते. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स नावाच्या बुरशीला अशी जागा फार मानवते. हे १९५५ साली चेस्टर एमन्स यांनी दाखवून दिलं. पारव्याला मात्र सहसा काही होत नाही. त्याच्या अंगातली ४१-४२ अंशांची ऊब या बुरशीला सोसत नाही.

श्वासाबरोबर ती आपल्याही फुप्फुसात जाते आणि बहुतेकांच्या शरीरात तिथेच अडवली जाते. पण एचआयव्हीनं किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती खचलेली असली, तर ती मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. मग डोकं आठवडेच्या आठवडे ठणकतं, ताप हटत नाही, उलट्या होतात, कधी एकाचे दोन दिसतात.

खरं नवल पुढेच आहे. शरीराच्या पहाऱ्यातून तगून राहायची तिची हत्यारं तिनं माणसासाठी घडवलेलीच नाहीत! मातीत अमीबा तिला गिळायला टपलेले असतात. गिळल्यावरही जिवंत राहायचं कसब तिनं त्यांच्याशी झुंजतच कमावलं, असं संशोधक मानतात. आपल्या रक्तातल्या भक्षक पेशीही तिला तशाच गिळतात, आणि त्यांच्याच पोटात बसून ती मेंदूची वेस ओलांडू शकते. आत डोपामाइनसारखी रसायनं भेटली की त्यांपासून मेलॅनिन बनवून अंगावर गडद थर चढवते.

तिला पाहायची रीत मात्र अगदी साधी. मणक्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात काळी इंडिया इंक मिसळायची. शाईचे कण तिच्या जाड कवचात शिरत नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याकुट्ट पटावर चंद्राला खळं पडावं तशी उजळ वलयं दिसतात. एखाद्या पेशीला नवा अंकुरही फुटलेला असतो.

तिच्यावरचं औषधही मातीतूनच आलं. अँफोटेरिसिन बी व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळालं, आणि आजही उपचाराची भिस्त त्याच्यावरच आहे.

निपाणीचा रुग्ण बेळगावला जातो, कोल्हापूरला किंवा मिरजेलाही. घरात कुणाची प्रतिकारशक्ती अशी खचलेली असेल आणि डोकेदुखी हटत नसेल, तर नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका. क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ती रक्ताच्या थेंबावर होते, आणि लक्षणं दिसायच्या कित्येक आठवडे आधीही हा आजार पकडू शकते.