मेंढीचे जंत, गाईचे पोट

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक मेंढपाळ बाबा आले होते. थकवा आणि चालताना धाप. रक्त कमी आहे का ते पाहायला मी त्यांची खालची पापणी ओढली, तसे ते हसले. म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आमी मेंढराची बी अशीच पापणी बघतो. पांढरी दिसली की जंत समजायचा.’’

बाबांचे निदान अचूक होते. दक्षिण आफ्रिकेत तर यासाठी पापणीच्या रंगांचा तक्ताच तयार केला आहे. मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात ‘हिमॉन्कस’ नावाचा जंत राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर. ऐकायला थेंबभर, पण हजार जंत असले तर रोजचे 50 मिलिलिटर झाले. आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असते जेमतेम दोन लिटर! एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि पुन्हा मेंढीच्या तोंडात जातात.

औषधे आहेत. शाळेत मुलांना जंतासाठी देतात ती अल्बेंडाझोल मेंढ्यांनाही चालते. पण याच कुळातले थायाबेंडाझोल 1961मध्ये आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंत मेंढ्यांत सापडले. नंतरच्या औषधांचेही अनेक देशांत तेच झाले. सरसकट, वारंवार आणि अंदाजाने कमी डोस पाजणे हे त्याचे मोठे कारण. (अँटिबायोटिकच्या बाबतीत आम्ही डॉक्टर मंडळींनी याहून वेगळे काही केलेले नाही.)

इथे गाय कामाला येते. मोठ्या गाईने मेंढीच्या जंताच्या अळ्या गवताबरोबर खाल्ल्या, तर त्यातल्या बहुतेक तिच्या पोटात वाढतच नाहीत. गाईच्या जंतांचे मेंढीत बहुतांशी तसेच होते. म्हणजे दोघी एकमेकींचे कुरण झाडून काढतात. एकत्र चारा किंवा आलटून पालटून. आधी गुरे, मग त्याच जागी मेंढ्या. औषध बंद होत नाही, पण कमी वेळा लागते.

शेळ्या मात्र या हिशेबात धरू नका. शेळी-मेंढीचे जंत बहुतेक सारखेच. लहान वासरेही नकोत, कारण त्यांच्यात मेंढीचे काही जंत तग धरतात. आणि पाणथळ जागी यकृतातला पानासारखा चपटा जंत असतो, तो गाय आणि मेंढी दोघींनाही सोडत नाही. तिथे ही युक्ती चालत नाही.

बाबांना हे सांगितले, तर म्हणाले, ‘‘आमच्याकडं गाई कुठल्या? आमी आपले चालत ऱ्हातो.’’ तेही एका अर्थाने बरोबरच. कळप पुढे गेला की अळ्या मागे राहतात. प्रश्न येतो तो पावसाळ्यात महिना-महिना एकाच माळावर मुक्काम पडतो तेव्हा. मग गावची गुरे जिथे चरून गेली तिथे मेंढ्या न्या, आणि औषध पशुवैद्यकांना विचारून, मेंढीचे वजन करूनच पाजा, एवढे त्यांना सुचवले. बाबांना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.