विषाणूला दार कोण उघडतो?

१९७६ सालच्या सप्टेंबर महिन्यात, आफ्रिकेतील तेव्हाच्या झाईर देशात, यांबुकू नावाच्या खेड्यात एक अनोळखी ज्वर पसरला. त्या देशाला आज काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. यांबुकू येथे बेल्जियन धर्मभगिनी १२० खाटांचे मिशन रुग्णालय चालवीत असत आणि आसपासच्या रानातील गोरगरिबांना त्याखेरीज दुसरा आधार नव्हता. बाह्यरुग्ण विभागास रोज सकाळी पाच सुया व पिचकाऱ्या मिळत. त्याच कोमट पाण्यात खळबळून दिवसभर पुनःपुन्हा वापरल्या जात. ज्वराने फणफणलेल्या मनुष्यास टोचलेली सुई दुसऱ्याच्या दंडात जाई. काही आठवड्यांतच रुग्णालयातील १७ सेवकांपैकी ११ जण मरण पावले. मृतांत धर्मभगिनीही होत्या. त्या साथीत एकंदर ३१८ जणांना बाधा झाली, २८० दगावले. त्या प्रदेशातील एका नदीवरून ह्या रोगास ‘इबोला’ हे नाव देण्यात आले. दारिद्र्यात चालविलेल्या रुग्णालयास दूर बसून दोष देणे सोपे आहे. तथापि सुया उकळल्या असत्या तर पुष्कळ घरे वाचली असती, हेही तितकेच खरे.

इबोला हा ज्या रोगसमूहात मोडतो त्यास रक्तस्रावी ज्वर म्हणतात. मारबर्ग, नायजेरियातील लासा, अर्जेंटिनातील हुनिन, क्रिमियन-काँगो ज्वर, विकोपास गेलेला डेंग्यू ही त्याची भावंडे. आणि आपल्या सह्याद्रीतील माकडताप हाही त्याच घरचा. नावावरून वाटते तसे प्रत्येक रोग्यास रक्त जातेच असे नाही. खरे संकट आत घडते : सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि यकृत, मूत्रपिंड इत्यादी अवयव एकामागून एक थकतात. हे विषाणू निरनिराळ्या कुळांतील आहेत. त्यामुळे एकावर लागू पडणारे औषध दुसऱ्यावर बहुधा निरुपयोगी ठरते. आणि खेड्यातील डॉक्टरास पहिल्या दोन-तीन दिवसांत तर हा ज्वर कोणता, हेही कळत नाही.

येथेच शास्त्रज्ञांच्या मनात निराळा विचार आला. विषाणू हा स्वतः अगदी निर्धन असतो. इबोलापाशी अवघी सात जनुके आहेत. मनुष्याच्या पेशीत सुमारे वीस हजार. स्वतःची प्रत काढण्यास लागणारी साधनसामग्री, इंधन, वाहतूक, सारे त्यास पेशीकडूनच घ्यावे लागते. तेव्हा रूप पालटणाऱ्या चोराच्या मागे धावण्यापेक्षा घरातील ज्या ज्या वस्तूंवाचून त्याचे चालत नाही, त्या काही काळ कुलुपात ठेवल्या तर? विषाणूचे गुणधर्म झपाट्याने बदलतात आणि औषधास तो दाद देईनासा होतो. आपल्या पेशीची घडण मात्र इतक्या सहज बदलत नाही. शिवाय एकच वस्तू अनेक चोरांना लागत असेल, तर एकाच कुलुपाने अनेकांचा बंदोबस्त व्हावा.

इबोला पेशीत कसा शिरतो, ह्याचा शोध मोठा मनोवेधक आहे. पेशी आपण होऊनच त्यास गिळते व एका लहानशा पिशवीत घालून आत नेते. ही पिशवी आम्लयुक्त असते. तिच्यात अन्नादी पदार्थांचे तुकडे करणारी पाचक प्रथिने असतात. त्यांतील कॅथेप्सिन नावाची प्रथिने इबोलाच्या अंगावरील काट्याचे टोपण कापून टाकतात, असे २००५ साली सिद्ध झाले. म्हणजे चोराच्या किल्लीवरील म्यान घरधनीच काढून देतो! परंतु ती किल्ली कोणत्या कुलुपात बसते, हे आणखी सहा वर्षे उलगडले नाही. अखेर कार्तिक चंद्रन, टाइन ब्रुमेलकाम्प प्रभृती संशोधकांनी युक्ती योजिली. मानवी पेशींचा मोठा समुदाय घेऊन प्रत्येक पेशीतील एखादे जनुक निकामी केले आणि मग इबोलाचा काटा धारण केलेला दुसराच, कमी धोक्याचा विषाणू त्यांवर सोडला. बहुतेक पेशी मेल्या. ज्या थोड्या जगल्या त्यांत काय मोडलेले आहे, हे पाहिले, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच नाव समोर आले : एनपीसी-१. त्याच वर्षी, २०११ साली, दुसऱ्या एका संशोधकगटानेही निराळ्या वाटेने हेच कुलूप शोधून काढले.

हे नाव वैद्यकास नवे नव्हते. एनपीसी-१ हे प्रथिन पेशीतील पिशव्यांमधून कोलेस्टेरॉल बाहेर काढून देण्याचे काम करते. क्वचित एखादे बालक ते बिघडलेल्या स्थितीत घेऊन जन्मास येते. ह्या रोगास नीमन-पिक रोगाचा ‘सी’ प्रकार म्हणतात. कोलेस्टेरॉल यकृतात, प्लीहेत, मेंदूत साचत जाते. चालू लागलेले मूल अडखळू लागते, बोलणे अस्पष्ट होते, पुढे घास गिळणेही कठीण होते. अनेक मुले तारुण्य संपण्यापूर्वीच जातात. अशा रोग्यांच्या कातडीतून घेतलेल्या पेशींवर प्रयोगशाळेत इबोला विषाणू सोडला, तेव्हा त्यास आत शिरताच आले नाही. ज्या उणिवेने त्या लेकरांचे आयुष्य हिरावले, तीच उणीव इबोलापुढे अभेद्य भिंत ठरली.

ह्या नव्या उपचारपद्धतीची आशा आणि तिची अडचण ह्या एकाच गोष्टीत सामावलेली आहे. दार सदाचे बंद केले तर घरधनी गुदमरतो. मग ते अर्धवट, काही दिवसांपुरते लोटले तर? त्या बालकांच्या माता-पित्यांकडे पाहावे. त्यांच्या दोन जनुकांपैकी एक बिघडलेले, एक चांगले असते आणि ती निरोगी आयुष्य जगतात. संशोधकांनी असेच एक जनुक निकामी असलेले उंदीर घेऊन त्यांना इबोलाची बाधा केली. त्यांतील बहुतेक वाचले. ज्वराची साथ आठवडाभराची असते, जन्माची नव्हे. तेवढ्या काळापुरते दार अर्धे लोटणारे औषध शरीरास सोसेल, असे मानण्यास ह्यावरून आधार मिळतो.

आधार मिळतो, औषध मिळत नाही. उंदरांपासून मनुष्यापर्यंतची वाट फार लांब आहे. स्तनांच्या कर्करोगावर दिले जाणारे टोरेमिफीन व वंध्यत्वावरील क्लोमिफीन ही जुनी औषधे इबोलाचा प्रवेश रोखतात, असे २०१३ साली आढळले. क्लोमिफीनने बाधा झालेल्या उंदरांपैकी शेकडा ९० वाचले. हीच ती कुलूप लावणारी औषधे, असा समज झाला. पण २०१६ साली बारकाईने पाहता टोरेमिफीन विषाणूच्याच काट्यास चिकटून तो खिळखिळा करते असे दिसले. शास्त्रज्ञांना वाटले दारास कुलूप लावले. लागले होते ते चोराच्या हातास!

डेंग्यूच्या बाबतीतला अनुभवही बोधप्रद आहे. विषाणूची प्रथिने नीट घडावीत म्हणून पेशीतील एक कारागीर त्यांवरील शर्करेची टोके छाटून देतो. त्या कारागिराचे हात बांधणारे सेलगोसिविर हे औषध ऑस्ट्रेलियातील एका वृक्षाच्या बियांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून तयार केलेले आहे. उंदरांत त्याने चांगला गुण दिला. सिंगापुरात ५० रोग्यांवर त्याची पद्धतशीर चाचणी होऊन २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : औषधाने अपाय होत नाही, पण ताप वा विषाणूंचे प्रमाणही लक्षणीय कमी होत नाही. रोगी दवाखान्यात येईतो विषाणूचे काम पुष्कळसे उरकलेले असते, ही अडचण साऱ्याच रक्तस्रावी ज्वरांत आहे.

तेव्हा काहींनी दाराचा नाद सोडून आगीकडे लक्ष वळविले. बाधित पेशी रक्त गोठविणारे एक द्रव्य अतोनात सोडतात आणि त्याने अनर्थ ओढवतो. हे द्रव्य आवरणारे औषध एका परोपजीवी कृमीच्या प्रथिनावरून बनविण्यात आले. इबोला झालेल्या नऊ माकडांना ते दिले असता तीन वाचली. २००३ सालची ही गोष्ट. इबोलाने ती बहुधा सर्वच मरतात, हे ध्यानी घेता तीन ही संख्या लहान नव्हे.

मनुष्यावर आजवर खरोखर सिद्ध झालेला इबोलाचा उपचार मात्र जुन्या, म्हणजे चोरालाच धरण्याच्या, पद्धतीचा आहे. २०१८-१९ साली काँगोत साथ चालू असतानाच चार औषधांची तुलना करण्यात आली. त्यांत प्रतिपिंडांची दोन औषधे सरस ठरली. ती घेतलेल्यांपैकी सुमारे शेकडा ३५ दगावले, इतर दोन औषधांच्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे. त्यांतील एका औषधाचे मूळ १९९५ साली किक्विट येथील साथीतून वाचलेल्या एका मनुष्याच्या रक्तात आहे, आणि ते विषाणूच्या नेमक्या त्याच जागेवर बसते जिने तो एनपीसी-१ ला जाऊन भिडतो. कुलूप ठाऊक झाल्याने किल्ली झाकण्याचे महत्त्व कळले, एवढा तरी लाभ झालाच. परंतु ही औषधे इबोलाच्या झाईर जातीपुरतीच आहेत. २०२२ साली युगांडात सुदान जातीची साथ आली, तेव्हा ती उपयोगाची नव्हती.

आपल्याकडील माकडतापास तर असे एकही औषध नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, त्यापाठोपाठ माणसे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली दोडामार्गाच्या बाजूस तो आला. काजूच्या हंगामात बागांत राबणारे मजूर त्यास बळी पडले. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ साली तिचा वापर थांबला. रोगी थोडे, तेही रानावनातील कष्टकरी. केवळ त्यांच्यासाठी औषध करण्यास कोणता कारखानदार पुढे येणार? डेंग्यूसाठी म्हणून शोधलेले, पेशीवर चालणारे एखादे औषध ह्याही तापास लागू पडले, तर ते सत्तरीच्या बागेपर्यंत पोचू शकेल. दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्याने ही अपेक्षा अगदीच निराधार नाही.

सध्या मात्र शिरेतून पाणी, रक्तदाबावर लक्ष आणि वेळेवर रुग्णालय हाच उपचार आहे. डिसेंबर ते मे ह्या काळात रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, घरी परतताच गरम पाण्याने स्नान करून अंगावर व कपड्यांत गोचीड पाहावी. आणि मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्रास कळवावे.